गेट चारचं बटण

ही गोष्ट मी रचलेली नाही. माझी मावसबहीण नेलीदा हिच्या बाबतीत ती घडली. तिला ओळखणाऱ्या कोणालाही विचारा, ती थापा मारणारी बाई नाही.

आणि भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधीच ऐकून ठेवा. हे भर दुपारी घडलं. चौदा मार्च, गुरुवार, दोन वाजून वीस मिनिटं. लिमा शहरात, आठव्या मजल्यावर. आजूबाजूला सहा माणसं काम करत होती.

नेलीदा पार्किंग चालवणाऱ्या एका कंपनीत होती. कंपनीचं नाव सांगत नाही, विमानतळाचंही नाही. तिथे अजून आमच्या ओळखीची माणसं पोट भरतात. पाच शहरांतले मॉल, दवाखाने आणि तीन विमानतळ, एवढ्या जागांचं पार्किंग या कंपनीकडे. कुठेही तिकीट अडकलं, गेटचा आडवा दांडा वर गेला नाही, की माणूस खांबावरचं लाल बटण दाबायचा. घंटा वाजायची ती लिमात, नेलीदाच्या कानात.

"मी नेलीदा. काय मदत करू?" दिवसातून दोनशे वेळा.

बदल्यात बहुतेक शिव्याच मिळायच्या. एकाच माणसाच्या कॉलची ती वाट बघायची. एलादिओ काका.

उत्तरेला, वाळवंटाकाठच्या विमानतळावर, गेट चारला ते उभे असायचे. त्रेसष्ट वर्षांचे. तीन वर्षांत दोघं कधी भेटले नव्हते. कॅमेऱ्यात त्यांची टोपी दिसायची तेवढीच. पण काहीही झालं की ते बटण दाबायचे.

"पोरी, दांडा परत रुसलाय."

"काका, तुम्ही शिव्या दिल्या असतील त्याला."

"छे! नुसती लाथ मारली. शिव्या तुमच्या साहेबांसाठी राखून ठेवल्यात."

जानेवारीत कंपनीने गेट चारची केबिन उचलून नेली. मशीन आलं, आता केबिन कशाला? माणूस मात्र ठेवला. उन्हात उभा. वर छप्पर नाही, जवळ पाणी नाही.

"काका, तक्रार करा ना."

"केली. साहेब म्हणाले, टोपी घाल. तुम्हा लिमाकरांना ऊन म्हणजे काय ते ठाऊक तरी आहे का गं?"

पाच मार्चच्या दुपारी एलादिओ काका गेट चारपाशी कोसळले आणि गेले.

कंपनीच्या अहवालात एकच ओळ होती. 'कोणालाही न कळवता काम सोडून झोपायला गेले.' म्हणजे मेलेल्या माणसावरच खापर. त्यांच्या बायकोला, दोमिंगा काकूंना, विमा नाकारला तो याच ओळीवर.

नऊ दिवसांनी नेलीदाच्या वरच्या बालारेसो साहेबांनी तिच्यासमोर एक कागद ठेवला.

"सही कर. पाच तारखेला ड्यूटीवर तू होतीस. गेट चारवरून एकही कॉल आला नाही, एवढंच लिहिलंय."

"आला नव्हताच."

"मग झालं तर! खरं तेच लिहायचंय."

साहेब काचेच्या केबिनमध्ये गेले. नेलीदाने पेन उचललं. खरंच कॉल आला नव्हता. त्याचाच तर तिला राग होता. दांड्यासाठी बटण दाबायचात काका, मग स्वतःसाठी का नाही दाबलंत?

आणि तेवढ्यात...

घंटा वाजली.

स्क्रीनवर अक्षरं आली. गेट चार.

कॅमेऱ्यात गाडी नव्हती. माणूसही नव्हता. खाली पडलेला दांडा आणि उन्हाने पांढरी पडलेली जमीन.

"मी नेलीदा. काय मदत करू?"

उत्तर नाही... नुसता वारा.

कॉल तुटला. तिने सवयीने त्याच कागदाच्या मागे वेळ लिहिली. दोन वीस.

दोन तेवीसला पुन्हा. वारा... आणि त्यात श्वास. खोल ओढलेला, घशात अडकणारा.

"कोण आहे? लाज वाटते का? तिथे माणूस मेलाय!"

तुटला.

दोन सत्तावीस. या वेळी ती काहीच बोलली नाही. नुसती ऐकत राहिली.

"पोरी..."

तिच्या हातातलं पेन पडलं.

"पोरी, पाणी सांग ना कोणाला तरी."

शेजारच्या विल्देरने चमकून पाहिलं. "काय झालं गं?"

"ऐक! तू ऐक!" तिने हेडफोन त्याच्या कानाला लावला.

"यात काहीच नाही." मग त्याने स्वतःची स्क्रीन दाखवली. "आणि गेट चार तर बंद आहे."

त्याच्या स्क्रीनवर तो चौकोन काळा होता.

नेलीदाने विमानतळावरच्या योवानीला मोबाइल लावला. तिथली मशीनं तो दुरुस्त करायचा.

"गेट चारला कोण आहे?"

"कोणी नाही. त्या दिवसापासून वीज तोडलीय. का?"

"कोणीतरी बटण दाबतंय."



"नेलीदा, बटणच नाहीये तिथे. मीच काढून आणलंय. माझ्या टेबलावर पडलंय."

योवानी आवाज उतरवून पुढे बोलला.

"आणि एक सांगू? बटण होतं तेव्हाही तुला वाजलं नसतं. एक मार्चपासून नवा नियम आहे. जमिनीखाली गाडी ओळखणारी तार असते. तिच्यावर गाडी उभी नसेल, तर कॉल लिमात वाजतच नाही. लोक उगाच दाबतात म्हणे. सगळ्या शहरांत, सगळ्या विमानतळांवर हेच. मशीन फक्त नोंद करून इथल्या कॉम्प्युटरला पाठवतं."

"पायी माणूस असेल तर?"

"नाही वाजत."

"पाच तारखेची नोंद पाठव. आत्ता."

यादी आली. गेट चार, नऊ वेळा. पहिली वेळ दोन वीस. मग दोन तेवीस. मग दोन सत्तावीस.

चौथी वेळ होती दोन एकतीस.

नेलीदाने घड्याळाकडे पाहिलं. दोन तीस... दोन एकतीस...

घंटा वाजली.

तिने तो कॉल घेतला नाही. यादी छापली आणि तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरली.

"नऊ वेळा बोलावलं त्यांनी. नऊ वेळा!"

बालारेसोंनी यादीवरून नजर फिरवली. "गाडी नव्हती ना. नियमात बसत नाही."

"माणूस होता!"

"आवाज खाली. हजारो जागा सांभाळतो आपण. प्रत्येक बटणामागे धावायचं का?"

"तुमच्या बापाला उभं करा त्या उन्हात. मग सांगा मला नियम!"

"सही करतेस, की घरी जातेस?"

तिने सहीच्या कागदाचे तुकडे करून त्यांच्या टेबलावर टाकले आणि यादी घेऊन निघाली. तिच्या खुर्चीपाशी घंटा पुन्हा वाजत होती. विल्देर मान खाली घालून बसला होता. त्याच्यावरचा राग तिच्या मनातून अजून गेलेला नाही.

त्याच संध्याकाळी बस पकडून ती सोळा तासांनी दोमिंगा काकूंच्या दारात उतरली. प्रकरण अकरा महिने कोर्टात चाललं. काकू जिंकल्या. अहवालातली ती ओळ कंपनीला खोडावी लागली. बालारेसोंना शिक्षा काय झाली? बढती. आता ते दोन विमानतळ बघतात.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती सांगितली नसती.

कोर्टासाठी कागद लावताना काकूंनी यादीशेजारी डॉक्टरांचा दाखला ठेवला आणि त्यांचा हात थांबला. एका बसवाल्याला काका सापडले दोन अडतीसला. डॉक्टरांनी मृत्यू लिहिला दोन एक्केचाळीसला. दोन चव्वेचाळीसला स्ट्रेचर त्यांना घेऊन विमानतळाच्या इमारतीत गेलं होतं.

यादीतल्या शेवटच्या तीन वेळा होत्या दोन सेहेचाळीस, दोन एकोणपन्नास, दोन त्रेपन्न.

बटण दाबलं की मशीन फोटो काढतं. पहिल्या पाच फोटोंत काका आहेत. दर वेळी थोडे आणखी खाली वाकलेले. सहाव्यात फक्त हात आहे.

शेवटच्या तीन फोटोंत... कोणीच नाही.

मशीन बिघडलं असेल, असं कंपनीचा वकील म्हणाला.

नेलीदा आता एका दवाखान्यात फोन घेते. भुताचा विषय निघाला की ती घाबरत नाही, भडकते. परवा जेवता जेवता ताट सारून म्हणाली, "मेल्यावरसुद्धा तीन वेळा बोलावलं गं त्यांनी. तेव्हाही या लोकांनी घंटा वाजू दिली नाही."

गेट चारची नोंद विमानतळाच्या कॉम्प्युटरमध्ये अजून आहे. त्या तीन वेळांनंतर तिच्यात भर पडलीय का, ते योवानी एका मिनिटात बघू शकतो.

त्याने अजून बघितलेलं नाही. आणि नेलीदानेही त्याला पुन्हा विचारलेलं नाही.