किटलीवरचं नाव

खडेबाजारात गिऱ्हाईक बाईला कुणीही सरळ 'आक्का' म्हणतं. हा मात्र 'मॅडम' म्हणाला. मला तेव्हाच संशय यायला हवा होता!

झालं असं, की भांड्यांच्या दुकानासमोरच आक्काच्या हातातल्या किटलीचं झाकण निखळलं. आक्का म्हणजे माझी मोठी बहीण, नीलम. नोकरी करते आणि पगार उडवते चांदीचं पाणी दिलेल्या जुन्या चहाच्या भांड्यांवर. आमचे आप्पा त्याला भंगार म्हणतात. दुधाचं भांडं तिला निपाणीच्या बाजारात मिळालं, साखरेचं काकतीतल्या एका घरात. त्याच वेलबुट्टीची किटली मात्र सापडता सापडत नव्हती. ती त्या दिवशी सापडली, आणि लगेच हे!

"द्या हिकडं, मॅडम."

दुकानात भांडी दुरुस्त करणारा साईराज बसला होता. कुरळे केस, मांडीवर पितळेची घागर. त्यानं किटली उलटीसुलटी केली. "चांदी न्हाय ही."

"चांदीचं पाणी आहे. हे बघा, तळाला इंग्रजी अक्षरं... तीच ओळख." आक्का बोलतच सुटली. घरी तिचं कोण ऐकतं? तो ऐकत होता. बघत मात्र किटलीकडे कमी, आक्काकडे जास्त!

"बिजागरी बसवून ठेवतो. नाव?"

"नीलम."

आम्हाला वाटलं, पावतीसाठी विचारतोय.

सोमवारी गेलो. झाकण झकास बसलं होतं. आणि किटलीच्या पोटावर, वेलबुट्टीच्या बरोब्बर मधोमध, ठसठशीत अक्षरांत कोरलं होतं – 'नीलम'. शेजारी एक फूलसुद्धा!

"हे काय केलंस?" आक्का 'तुम्ही'वरून धाडकन 'तू'वर आली. समोरचा कुकरवाला उठून उभा राहिला.

"नाव घातलं की. भांड्यावर नाव नको व्हय? लग्नाकार्यात हरवतंय." वर हसून म्हणतो, "फुकट हाय, मॅडम!"

"अरे, शंभर वर्षांची किटली ही! एक ओरखडा नव्हता हिच्यावर! स्टीलचा डबा वाटला तुला?"

"शंभर वर्षांत कुणाचंच नाव न्हवतं तिच्यावर," तो हळूच म्हणाला. "आता तुमची झाली..."

आक्कानं किटली त्याच्या हातातून ओढून घेतली. कान लालबुंद. रागानं, असं ती म्हणते.

मला तर इतका राग आला होता! कारण त्या रविवारी जुन्या वस्तूंचं प्रदर्शन होतं, आणि आक्काचा सेट तिथे मांडायचा ठरला होता. तिच्या भंगाराला पहिल्यांदाच कुणी भंगार म्हणणार नव्हतं. तिनं प्रदर्शनवाल्यांना खरं ते फोनवर सांगून टाकलं. पलीकडून उत्तर आलं, "नाव कोरलंय? मग नको."

आक्का रडली नाही. तिनं किटली कपाटात ठेवली, नावाची बाजू भिंतीकडे करून. ते बघून मलाच रडू आलं.

रविवारी दुपारी, प्रदर्शन तिकडे चालू असताना, पत्ता विचारत विचारत वडगावात आमच्या दारात साईराज! कपडे धुळीनं माखलेले, खांद्याला पिशवी.

"दुसरी किटली हुडकाय निपाणीला गेलतो. सदलग्याला बी. न्हाय गावली." त्यानं रुमाल उघडला. "हे गावलं. खालची अक्षरं बघूनच घेतलंय. पर हे असतंय कशाला?"

इवलासा चिमटा. टोकांना पक्ष्याचे पंजे. आणि वेलबुट्टी... तीच!

"साखरेचे खडे उचलायला," आक्का पुटपुटली.

"साखर चिमट्यानं? आणि बोटं कशाला दिल्यात देवानं?"

आक्का हसली. आठवडाभरानं! मी तिच्याकडे डोळे वटारून बघितलं – इतक्यात माफ? पण तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.

"यावर नाव नाही घातलंस?"

"न्हाय. आता इचारल्याबिगर कुणाच्याच भांड्याला हात लावत न्हाय. चुकलं माझं, मॅडम."

"नीलम," ती म्हणाली. "ठाऊक आहे की नाव... कोरलंयस ना?"

मग ती उठली. कपाटातून किटली आणली आणि नावाची बाजू त्याच्याकडे फिरवून टेबलावर ठेवली.

"कोरायचं मशीन आणलंयस?"

"पिशवीतच असतंय..."

"मग घाल," फुलाच्या पलीकडे बोट ठेवून ती म्हणाली. "इथे. तुझं."

साईराजनं पिशवीतून मशीन काढलं. मग मशीनची वायर बोर्डात लावायला त्याला तीनदा प्रयत्न करावा लागला. किर्र... आवाज ऐकून आई पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि दारातच थबकली.

आणि तुम्हाला सांगते, आक्काचं नाव त्यानं काय सुबक कोरलं होतं! स्वतःचं? पार वाकडं! 'ज' तर घसरून थेट वेलीवर गेलेला. म्हणे, टेबल हललं! शंभर वर्षांच्या किटलीवर!

एका ओरखड्यासाठी अख्खा खडेबाजार गोळा करणाऱ्या माझ्या आक्कानं त्या वाकड्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"राहू दे," ती म्हणाली. "छान आहे."