हिरवी वायर

पुतणीने टॅक्सीवाल्याच्या मदतीने तो अ‍ॅम्प्लिफायर दुकानात आणला, बाकावर ठेवला आणि वरची चादर काढली. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला आणि विचारलं, "आईला सांगितलंयस?"

"नाही."

"मग आल्या पावली परत ने."

"काका, पुढच्या महिन्यात आमचा कार्यक्रम आहे. मला बाबांच्या अ‍ॅम्पवर वाजवायचंय आणि गायचंय. तुम्ही नाही केलात तर दुसरीकडे नेईन."

दुसरीकडे म्हणजे चौकातल्या त्या दुकानात, जिथल्या कारागिराला अशा यंत्रातला काचेचा व्हॉल्व्ह आणि दिव्याचा बल्ब शेजारी ठेवले तर ओळखता आले नसते. पोरगी बापावर गेली होती, आणि नेमकी जिथे जायला नको तिथेच गेली होती.

"ठेव," काका म्हणाले. ती गेल्यावरही बराच वेळ त्यांनी अ‍ॅम्पला हात लावला नाही.

हा अ‍ॅम्प त्यांच्या थोरल्या भावाचा. दादा गायचा आणि गिटार वाजवायचा. तालमीच्या खोलीत एका हाताने गिटारच्या तारा धरून त्याने माइकला ओठ लावले आणि तिथेच कोसळला. त्याच्या आदल्या आठवड्यात काकांनी हाच अ‍ॅम्प दुरुस्त करून दिला होता. झालं! लोकांना तेवढंच पुरलं. सगळं खापर धाकट्याच्या माथ्यावर फुटलं. वहिनींनी अ‍ॅम्प माळ्यावर टाकला, काकांना त्याला हात लावू दिला नाही आणि त्यांच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या घोळक्यात काकांना आजही 'करंट' म्हणत. तोंडावर नाही, पण काकांचे कान शाबूत होते.

आणि काकांना तर आपण काय केलं होतं ते लख्ख आठवत होतं. अर्थिंगची हिरवी वायर त्यांनी स्वतः कथलाचा डाग देऊन बसवली होती. जुन्या यंत्रात वीज थोडीफार पत्र्यात झिरपते. ती मुकाट्याने जमिनीत नेणारी ही वायर. ती नसली तर वीज गिटारच्या तारांवर येऊन बसते आणि वाट शोधते; माइकला ओठ लागले की ती वाट माणसाच्या अंगातून जाते. पण ती असली की तालमीच्या खोलीत, चार यंत्रं एकत्र लावल्यावर, स्पीकरमधून घूंऽऽ असा बारीक आवाज येत राहतो. दादाला तो खपत नसे. "तुझ्या अर्थिंगमुळे माझ्या गाण्यात भुंगा बसतो," म्हणायचा. काका म्हणाले होते, "बसू दे. जोवर भुंगा ऐकू येतोय तोवर जिवंत आहेस." दादा हसला होता. त्याला धाकट्याचं काही ऐकायचं नसलं की तो असाच हसायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी मागचा पत्रा काढला. धूळ, जुन्या मेणाचा वास आणि त्यात कुठेतरी लवंग. हिरव्या वायरीकडे त्यांची नजर गेली आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

वायर तुटलेली होती. त्यांनी दिलेला डाग पत्र्यावर तसाच होता, गोल आणि चकचकीत. वायर मात्र त्याच्यापासून बोटभर अंतरावर तोडलेली होती. टोकाच्या प्लॅस्टिकवर दातांचे ठसे होते: दोन्ही बाजूंना खोल, आणि मधे एका दाताची जागा कोरी.

दादा वायर दाताने सोलायचा. चिमटा हातात असला तरी दातानेच. असंच करताना एकदा पुढच्या दाताचा अर्धा तुकडा उडाला होता, आणि मग तो दुखायचा म्हणून दादाच्या गालात कायम लवंग असायची.

"तू तोडलीस!" काका रिकाम्या दुकानात ओरडले. "स्वतः तोडलीस, आणि मी इतकी वर्षं शिव्या खातोय!"

शेजारचा शिंपी दारातून डोकावून गेला. काकांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी ते टोक कापून एका रिकाम्या डबीत जपून ठेवलं, पुतणीला फोन केला आणि एवढंच म्हणाले, "परवा तुझ्या आईला घेऊन ये. येत नसली तर उचलून आण."

मग त्यांनी नवी हिरवी वायर लावली, दोन्ही टोकांना पक्का डाग दिला आणि मीटर लावून पाहिलं. मीटर वाजला, म्हणजे जोड पक्का. अ‍ॅम्प बाकावरच्या दुसऱ्या यंत्रांशी जोडून चालू करताच व्हॉल्व्हमध्ये हळूहळू नारिंगी उजेड चढला आणि स्पीकरमधून घूंऽऽ सुरू झालं. काकांना इतकं बरं वाटलं की ते अ‍ॅम्प चालूच ठेवून जेवायला घरी गेले.

परतले तेव्हा दुकानात शांतता होती. व्हॉल्व्ह पेटलेले होते, पण घूं नव्हतं.

दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. काकांनी आधी प्लग काढला. आत पाहिलं तर नवी वायर तुटून लोंबकळत होती.

"उंदीर," ते म्हणाले. ते उंदरांवर चिडले, नगरपालिकेवर चिडले, शिंप्याच्या चिंध्यांवर चिडले. तो तुकडा त्यांनी नीट पाहिलाही नाही, तसाच केराच्या टोपलीत फेकला. मग दुप्पट जाड वायर घेतली. ती लावून मागचा पत्रा स्क्रूने आवळला आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. दादा गेल्यापासून ते प्रत्येक यंत्राला असे ठिपके देत. पुन्हा कोणी मधे हात घातला तर ठिपका फुटेल आणि निदान जगाला दिसेल. दुकानभर मात्र लवंगेचा वास येत होता. त्यांनी खिडकी उघडली, तरी तो गेला नाही.

ठरल्या दिवशी वहिनी आल्या. दारातल्या स्टुलावर ताठ बसल्या, पर्स मांडीवर धरून, जणू दवाखान्यात नंबर लागायचा होता. पुतणी गिटार आणि आपल्या माइकचं सामान घेऊन आली होती.

काकांनी डबी उघडून वहिनींच्या पुढे धरली. बोलायचं पुष्कळ ठरवलं होतं, तोंडातून निघालं एवढंच, "बघा."

वहिनींनी तो तुकडा खिडकीकडे धरला. बराच वेळ धरला. मग पर्समधून रुमाल काढला, पण डोळ्यांना लावला नाही, नुसता मुठीत आवळला.

"हा त्यांचाच दात," त्या म्हणाल्या. "मेला हट्टी माणूस! पोरीचासुद्धा विचार केला नाही. आणि मी तुम्हाला... भाऊजी..."

"जाऊ द्या," काका म्हणाले. खरं तर त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं. इतक्या वर्षांचा राग होता, तो एका 'भाऊजी'त कसा मिटावा? पण ते वळून मीटर शोधू लागले. तो समोरच होता.

"वाजवून बघू?" पुतणी म्हणाली.

अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर जुना होता, त्यातून वीज झिरपत होती. नवा यायचा होता. पण अर्थिंग पक्कं होतं, तेव्हा थोडं ऐकायला हरकत नव्हती. काकांनी ठिपके तपासले, सगळे शाबूत. मीटर लावला, वाजला. मग अ‍ॅम्प चालू केला.

घूंऽऽ.

"हाच तो भुंगा," वहिनी म्हणाल्या. "यावरून हे घरात किती भांडायचे! कपाळ धरून बसायचे."

पुतणीने सूर छेडला. तो आवाज खोलीत पसरला, जाड आणि ऊबदार, आणि वहिनींनी डोळे मिटले. काकांनीही मिटले असते, पण लवंगेचा वास एकदम नाकात शिरला. कोणीतरी अगदी जवळ येऊन तोंड उघडावं तसा.

"काका, हा घूं काढता नाही येणार? गाताना मधे मधे येईल."

"नाही. आणि पुन्हा विचारू नकोस."

ती हसली. अगदी दादासारखीच हसली. सूर पुन्हा छेडला, मान हलवली, माइक जवळ ओढला.

घूं थांबलं.

"अरे वा!" पुतणी म्हणाली. "गेला की!"

एक हात तारांवर. ओठ माइककडे.

काकांनी प्लगची वायर दोन्ही हातांनी हिसडली. प्लगबरोबर भिंतीतल्या सॉकेटचं झाकणही निघून आलं. व्हॉल्व्ह मंदावत गेले.

"दादा!" काका अ‍ॅम्पवर ओरडले. त्यांचा आवाज फाटला. "पोरगी आहे ती तुझी! तुझी स्वतःची पोरगी!"

पुतणीचे ओठ माइकपासून वीतभर दूर होते.

काकांनी स्क्रू पाहिले. एकही ठिपका फुटला नव्हता. आता ते एकेक फोडत गेले, आणि घाईत स्क्रू ड्रायव्हर पुन्हा पुन्हा घसरला. पत्रा निघाला.

जाड हिरवी वायर तुटलेली होती. दोन्ही बाजूंना खोल ठसे, मधली जागा कोरी.

वहिनी उठल्या. काकांनी अडवायच्या आत त्यांनी हात घालून वायरीचं टोक दोन बोटांत धरलं.

"भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या, "ओली आहे."

त्यांनी बोटं नाकाशी नेली, आणि पुसली नाहीत.