चोथ्याचा तिसरा थर

रविवारी सकाळी पावणेअकराला फोन वाजला, तेव्हा अरीबाच्या हातात उसाच्या रसाची परीक्षानळी होती.

“लगेच ये,” पलीकडून तिचा थोरला भाऊ आरिफ कुजबुजला. “सयाजीदादांनी माझ्या थोबाडीत मारली. सगळ्यांसमोर. आता पोलिसांना बोलवायचं म्हणत्यात.”

“काय केलंस तू?”

“कॉफी.”

अरीबानं नळी स्टँडमध्ये ठेवली, आकडा वहीत टिपला आणि मगच ती पळत सुटली. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून कसबा बावड्याच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती वर्षभर काम करत होती. आकडा अर्धवट सोडणं तिला जमत नसे. भावाच्या गालावर उठलेला हात सोडून देणं तर मुळीच नाही.

ज्यानं हे घडवलं असेल त्याला तितक्याच लोकांसमोर उभं करायचं, एवढं ती राजारामपुरीत पोहोचेपर्यंत ठरलं होतं.

आरिफ जिथं मशीनवर कॉफी काढायचा, त्या सयाजी निंबाळकरांच्या दुकानात पाय टाकताच हिंगाचा भपकारा आला. साधा नव्हे, डबा उपडा झाल्यासारखा. खिडक्या उघडलेल्या, लोकांच्या नाकाला रुमाल, पदर. एकटा सम्राट शिरगुप्पे तेवढा उष्ट्या कपांच्या ट्रेला खेटून निवांत खारी खात होता.

दरवर्षी हाच सम्राट या दुकानात कॉफी भाजणाऱ्या छोट्या व्यावसायिकांच्या पाच एस्प्रेसो मिश्रणांची चव घ्यायचा आणि आपली यादी जाहीर करायचा. त्याच्या यादीत नाव आलं की माल पुण्या-मुंबईपर्यंत जायचा. गेल्या वर्षीची यादी चौकट करून भिंतीवर टांगली होती. पसंतीची चार नावं, आणि तळाशी एक ओळ: ‘संगम, कुरुंदवाड. ओल्या गोणपाटाचा वास. टाळा.’

“आली का बहीण!” सयाजीदादा गरजले. “बघ तुझ्या भावाचा पराक्रम. पहिल्या नंबरच्या कॉफीत हिंग घातलाय यानं. पावण्यांनी माझ्या दुकानात थुंकलंय!”

“मी न्हाय घातला, दादा,” आरिफ म्हणाला. त्याच्या गालावर चार बोटं उमटली होती.

“पहिला नंबर कुणाला?” अरीबानं विचारलं.

“माझ्या संगमला,” कोपऱ्यातून एक शांत आवाज आला. वर्षाराणी खोत. चाळिशीची, कुरुंदवाडला स्वतःच्या शेडमध्ये कॉफी भाजणारी. “गेल्या साली टाळा, आन् औंदा पहिला नंबर. आन् लगेच ही अशी शोभा.”

तिचे डोळे कोरडे होते.

“मी सांगतो,” सम्राट खारीचा चुरा झटकत म्हणाला. “काचेच्या खोलीत मी आणि हा आरिफ, दोघंच. पाच कप, नुसते आकडे टाकलेले. तीन नंबर अप्रतिम होता. संत्र्याच्या सालीचा दरवळ, मधाची गोडी. मी बाहेर येऊन निकाल दिला. मग यानं त्याच कॉफीचे बारा कप सगळ्यांसाठी काढले, आणि त्यात हिंग! म्हणजे मी बाहेर पडल्यावर घातला. शाळकरी पोरालाही कळेल.”

“तुमच्या कपात नव्हता?”

“असता तर मी पहिला नंबर दिला असता का?”

पाच-सहा जण हसले. अरीबा हसली नाही. प्रश्न अगदी चोख होता, म्हणून तिनं तो तसाच मनात ठेवला. भावाला तिनं बाजूला घेतलं.

“खरं सांग. पहिल्यांदा वास कधी आला?”

आरिफनं मान खाली घातली. “सर आत असतानाच. तिसरी पिशवी दळली तेव्हा.”

“आणि तू बोलला नाहीस?”

“नियम हाय की. चव घेताना बोलायचं न्हाय, खुणावायचं न्हाय. गेल्या साली एका पोरानं भुवई उडवली म्हणून दादांनी त्याला घालवलं. मला वाटलं, सर तोंडाला लावतील आणि फेकतील. त्यांनी डोळे मिटून मान डोलावली. मग वाटलं, माझंच नाक फिरलंय.”

“निकालानंतर तरी?”

“पहिला नंबर म्हणल्यावर मी कोण सांगणार, अरीबा? मशीनवाला मी.”

हे तोंडी होतं. कुणी विश्वास ठेवला नसता. अरीबानं काचेच्या खोलीत नजर फिरवली. दळायचं यंत्र, मशीन, आणि शेजारी एक उभा, अरुंद स्टीलचा डबा. एस्प्रेसो निघाला की दाबलेल्या भुकटीची ओली वडी उरते. आरिफ ती ठोकून या डब्यात पाडायचा.

“डबा सकाळी रिकामा होता?”

“धुऊन ठेवलेला.”

“एका कपाला एक वडी?”

“व्हय. पाच सरांच्या, बारा पावण्यांच्या.”

“नंतर कुणी हात लावलाय?”

“मला पकडून बाहेर आणलं. दाराला दादांचं कुलूप.”

“सयाजीदादा,” ती मोठ्यानं म्हणाली, “पोलिसांना बोलवायच्या आधी मला अर्धा तास द्या. माझा भाऊ दोषी निघाला तर मीच त्याला ठाण्यात नेते.”

सयाजीदादांनी घड्याळाकडे बघितलं. “अर्धाच.”

तिनं आधी उष्ट्या कपांकडे बघितलं. अकरा कप घोटभर रिकामे. बारावा वर्षाराणीच्या टेबलावर, काठोकाठ भरलेला. वरच्या फेसाची साय सुकून तशीच. मग तिसरी पिशवी मागितली. पिशवीवर चिठ्ठी होती, ‘स्पर्धेसाठी’. काल संध्याकाळी कुरुंदवाडहून आलेली. कचऱ्याच्या टोपलीतून तिनं पिशवीचा कापलेला पट्टा शोधला आणि पट्टीनं मापला. विक्रीच्या फळीवरची संगमची बंद पिशवीही मापली. उरलेले दाणे कागदावर ओतून भिंगातून बघितले. दाणे स्वच्छ. हिंगाचा कण नाही, पूड नाही. नुसता वास.

मग तिनं डबा परातीत अलगद पालथा घातला, मुलांनी वाळूचा किल्ला काढावा तसा. सकाळची पहिली वडी आता सगळ्यांत वर आली.

“चला, बाहेर फाटकापाशी,” ती म्हणाली. “इथं हवेतच हिंग आहे.”

माणसं परातीभोवती गोळा झाली. अरीबानं वरून एकेक वडी उचलून ओळीनं मांडली.

“या सतरा. पहिल्या पाच सम्राटसरांच्या, निघाल्या त्याच क्रमानं. दादा, मधून मोडून वास घ्या. पहिली?”

“कॉफी.”

“दुसरी?”

“कॉफीच.”

“तिसरी?”

सयाजीदादांनी तोंड फिरवलं. “हिंग! आई शप्पत, हिंग!”

“ही पावण्यांच्या कपाची वडी नाही. सरांच्या कपाची आहे.”

“डब्यात वास पसरला असेल,” सम्राट पटकन म्हणाला. “वर बारा वड्या हिंगाच्या होत्या.”

“मलाही तेच वाटलं होतं. म्हणून चौथी बघा.”

“जरा जरा येतोय,” सयाजीदादा म्हणाले.

“आता विचार करा. डब्यात तिसरीच्या खाली दुसरी, वर चौथी. दोन्ही तिला चिकटलेल्या. वास डब्यात पसरला असता तर दोन्हींना लागला असता. दुसरी कोरी आहे, चौथीला पुसट वास आहे. कारण चौथी कॉफी त्याच यंत्रात तिसरीच्या पाठोपाठ दळली. जात्यात उरलेली चिमूटभर पूड तिच्यात आली. म्हणजे हिंगाचा वास दळतानाच होता. सर खोलीत होते. आणि त्यांनी तो कप संपवला.”

सगळ्यांच्या नजरा सम्राटकडे वळल्या. रस्त्यावरून माणसांनी खचाखच भरलेली एक वडाप रिक्षा हॉर्न वाजवत गेली.

“काहीतरीच!” सम्राट ओरडला. “बावीस वर्षं मी कॉफी पितोय!”

“मग सोपं आहे.” अरीबानं तीन बशा पुढं केल्या, तिन्हींत थोडा थोडा चोथा. “यांतल्या कुठल्या बशीत हिंग आहे?”

सम्राट वाकला. एकेका बशीवर नाक नेलं. लोकांच्या चेहऱ्यांकडे एक ओझरती नजर टाकली. मग नाक मुरडून म्हणाला, “मधली. असह्य आहे.”

“दादा?”

सयाजीदादांनी तिन्ही हुंगल्या. पुन्हा हुंगल्या. त्यांचा आवाज खाली आला. “सम्राट, कशातच न्हाय रे.”

“पहिल्या दोन वड्यांचा चोथा आहे तो,” अरीबा म्हणाली. “हिंगाच्या भपकाऱ्यात खारी खाणारा माणूस मी आल्या आल्याच बघितला होता. कडू, आंबट, घट्ट, पातळ हे जिभेला कळतं. दरवळ नाकाला कळतो. संत्र्याची साल तुम्ही कुठून आणलीत, सर?”

सम्राटचे खांदे पडले. तो जवळच्या कठड्यावर बसला. “दोन वर्षं झाली,” तो म्हणाला. “ताप आला होता. त्यातनं उठलो, तेव्हापासून काहीच येत न्हाय. वाटलं, येईल परत. यादी थांबवली असती तर मला कुणी ओळखलं असतं?”

“म्हणून मशीनवाल्याच्या गळ्यात घातलंत.”



“पण मग हिंग घातला कुणी?” सयाजीदादांनी विचारलं.

“पिशवी काल संध्याकाळी आली, आज सकाळी उघडली. दाण्यांत कण नाही. म्हणजे हिंगाचा खडा दाण्यांसोबत दोन-चार दिवस कोंडून ठेवला आणि काढून घेतला. एका रात्रीत इतका वास मुरत नाही. पिशवीची झडप फक्त आतला वायू बाहेर सोडते, बाहेरचा वास आत घेत नाही. कुणी वाटेत कापून पुन्हा चिकटवली म्हणाल, तर पिशवी बोटभर आखूड झाली असती. पट्टा धरून ती साडेबावीस सेंटिमीटर भरली. फळीवरचीही साडेबावीस. मिलिमीटरचाही फरक नाही.”

ती वळली.

“म्हणजे हे पिशवी बंद करायच्या आधी झालं. बंद करणारी एकच. आपल्या कॉफीला पहिला नंबर मिळाला, तरी तिचा एक घोट न घेणारीही एकच. वर्षाराणीताई, तुमचा कप अजून भरलेला आहे.”

वर्षाराणीनं पदर सारखा केला. तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव होता.

“गेल्या साली हा माझ्या शेडवर आलता,” ती म्हणाली. “चुलीवर दूध करपून कोळसा झालतं, घरभर धूर. आन् हा म्हणतो, वा, काय दरवळ हाय. तवाच मी ओळखलं. आठ दिवसांनी यादी आली, गोणपाटाचा वास. गोणपाट! माझ्या सासूनं, बनाबाईनं, एकेक दाणा सुपात निवडलेला. नऊ बायका निवडायला यायच्या. मागणी बंद झाली, बायका घरी बसल्या. म्हातारी अजून सूप पालथं घालून बसतीया. मी सांगितलं असतं की याला वासच येत न्हाय, तर कुणी मानलं असतं? म्हणलं, माझंच नाव जाळते, पण त्या उजेडात हा दिसू दे सगळ्यांना.”

“पहिला नंबर देतील हे माहीत होतं?”

“छ्या! हिंगाबद्दल नुसता गप बसला असता तरी पुरे हुतं. मी उठून तोच कप मागणार हुते.”

“मग उठला का नाहीत? माझ्या भावाला मारलं तेव्हा?”

वर्षाराणीनं पहिल्यांदाच आरिफकडे बघितलं. “मला वाटलं, वास आल्यावर ह्यो पोरगा बोलंल. न्हाय बोलला. आन् मग… सम्राट अजून बोलत हुता. मला त्यो पुरता बुडालेला बघायचा हुता. म्हणलं, थांबावं जरा.”

“जरा,” अरीबा म्हणाली.

वाटेत ठरवलं होतं, तसंच अरीबानं करायला लावलं. वर्षाराणीनं सगळ्या पावण्यांसमोर आरिफची माफी मागितली. सयाजीदादांनी स्वतःच्या हातानं भिंतीवरची चौकट उतरवली आणि आरिफसमोर हात जोडले. सम्राट फाटकातून निघून गेला, तेव्हा त्याला कुणी हाक मारली नाही.

लोक पांगले. वर्षाराणी मात्र रेंगाळली.

“फळीवरच्या पिशव्या चांगल्या हायत,” ती म्हणाली. “त्यांत काय न्हाय. तुला नाक हाय, पोरी. गेल्या सालापासनं माझी कॉफी कशी हाय ते कुणी खरं सांगितलं न्हाय. एकदा पिऊन सांगतीस?”

आरिफनं मुकाट्यानं पिशवी उघडली. यंत्र पुसलं, दळलं, कप काढला.

अरीबानं कप नाकाशी धरला. ताज्या गुळाचा वास, मागून संत्र्याची साल. खरीखुरी. घोट घेतला. इतकी नितळ, गोड एस्प्रेसो तिनं कधी प्यायली नव्हती. पहिला नंबर सम्राटनं चुकून दिला होता, पण चुकीचा दिला नव्हता.

“कशी हाय?” वर्षाराणीनं विचारलं.

अरीबानं आरिफच्या गालाकडे बघितलं. चार बोटं अजून लाल होती.

वर्षभर ही बाई ज्या एका वाक्यासाठी थांबली होती, ते अरीबाच्या जिभेवर होतं. तिनं ते कॉफीसोबत गिळलं, रिकामा कप बशीत पालथा घातला आणि भावाला म्हणाली, “चल, भाई. घरी जाऊ.”