मागच्या डाव्या काचेचं रबर

यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही. हे माझ्या सख्ख्या दाजींसोबत घडलंय. त्यांना विचारलं तर ते विषय बदलतात, म्हणून मी सांगतोय.

रात्रबित्र नव्हती. रविवार, दुपारचे साडेबारा. जागा म्हणजे त्यांच्या घरामागची पत्र्याची शेड.

दाजी चष्मे बनवतात. फ्रेममध्ये काच बसवण्यात उभा जन्म गेला. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी एक जुनी गाडी घेतली. काचांभोवतीची रबरं वाळून तडकलेली. गाडी जरा पळाली की वारा शिट्ट्या मारायचा.

"मेकॅनिक कशाला? काच ती काच," ते ताईला म्हणाले. "डोळ्यांवरची काय नि दारातली काय."

तीन दारं सहज झाली. जुनं रबर उकरायचं, खाच पुसायची, साबणाचं पाणी लावून नवं रबर अंगठ्याने दाबत न्यायचं. मस्त बसायचं.

चौथं दार मागचं, डावं.

तिथे वरच्या कोपऱ्यात वीतभर रबर नव्हतंच. गळून पडलं असावं म्हणावं, तर कडा तशा नव्हत्या...

आतून कुणीतरी कुरतडल्यासारख्या होत्या.

"आधीच्या मालकाचं कुत्रं असेल," दाजी पुटपुटले आणि कामाला लागले.

रबर बसलं. ते फडकं घ्यायला वळले, परत पाहिलं तर...

कोपरा सुटून लोंबत होता.

पुन्हा बसवलं. पुन्हा सुटलं. चार वेळा! अंगठा सोलवटून निघाला.

"रबर आहे की मागच्या जन्मीचं वैर?" दाजी ओरडले.

ताई दारातून हसली. "गिऱ्हाईक चष्मा वाकडा म्हणतं तेव्हा हसून समजावता ना? आता स्वतःला समजावा. जेवायला चला."

दाजींनी कोपऱ्याला डिंक फासला, गाडीला कुलूप लावलं, चावी खिशात टाकली.

अर्ध्या तासाने आले. रबर जागेवर नव्हतं.

ते मागच्या सीटवर पडलं होतं. गाडीच्या आत. बंद गाडीच्या आत...

ओल्या डिंकावर चार बोटं उमटलेली. बारीक. दाजींची बोटं चांगली जाडजूड आहेत.

खरं तर तेव्हाच घाबरायला हवं होतं. पण माणूस इतका पेटला होता की भीतीला जागाच उरली नव्हती.

"बघतोच कसं निघतंय!" म्हणत त्यांनी नवा तुकडा घेतला, सगळ्यात जालीम गोंद लावला आणि पंधरा मिनिटं हाताने दाबून धरला.

या वेळी बसलं.

"अगं, पुढे आत बस आणि काचा वर कर. मी पाणी मारतो. कुठे थेंब आला तर सांग."

ताई चालकाच्या जागी बसली. दाजींनी पाइप धरला. पुढची काच, मागची काच, चारही कोपरे. आत टिपूससुद्धा नाही.

"झालं की नाही?" ते खुशीत ओरडले.

त्यांनी पुढच्या काचेतून आत डोकावलं.

ताईचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता.

दाजींनी पाणी बंद केलं. आणि त्यांची नजर मागच्या डाव्या काचेवर गेली.

काचेवर आतून वाफेचा ठिपका उमटला.

पुसट झाला.

पुन्हा उमटला...

ताई तर पुढे होती. त्या काचेकडे पाठ करून.

तेवढ्यात ती दोन्ही हातांनी काच बडवायला लागली. तोंड उघडं, चेहरा काळानिळा. बडवण्याचाही आवाज नाही. दाजींनी दार ओढलं. उघडेना. चावी फिरवली. चारही दारं गच्च.

आणि डाव्या कोपऱ्यातलं रबर थरथरलं. आतून कुणीतरी ते उकरत होतं...

दाजी धावले. त्यांनी बाहेरून त्याच कोपऱ्यात नखं रुतवली आणि जीव खाऊन ओढलं. नखासकट रबर निघालं.

आत एक श्वास घेतला गेला. लांब. खोल.

तो ताईचा नव्हता.

मग दार आपोआप उघडलं. ताई बाहेर कोसळली. खोकत खोकत तिने पहिलं काय विचारलं माहितीये?

"तुम्ही मागे येऊन का बसलात?"

"मी बाहेरच होतो गं."

"मग मागे बसून सगळी हवा कोण ओढून घेत होतं?"

गाडी विकणाऱ्याकडे दाजी जाऊन आले. तो एवढंच म्हणाला, "कागद पूर्ण आहेत ना? मग झालं तर."

मी म्हटलं, "दाजी, विकून टाका ती गाडी."

"कुणाच्या गळ्यात मारू?" ते चिडून म्हणाले. "जो घेईल, तो पहिल्यांदा ते रबरच बदलेल."

कोपरा उघडाच आहे. त्यांनी परत हात लावलेला नाही.

मागच्या आठवड्यात रात्रभर झोडपून पाऊस पडला. शेडही गळली. सकाळी मी दाजींकडे गेलो आणि गाडीचं मागचं डावं दार उघडलं. सीट चिंब भिजलेली.

फक्त काचेलगतचा एक तुकडा कोरडा होता. एक माणूस बसेल एवढा.

मी हात लावून पाहिला...

कोमट होता.