मागच्या खिडकीपाशी

उमरखेडला एसटीतून उतरले तेव्हा धुकं इतकं दाट होतं, की समोरची मोटारसायकल आधी ऐकू आली, मग दिसली.

"पाठ पाहाले येनाऱ्या निशिगंधा मॅडम तुमीच ना? मी देवसिंग. शाळेतून आलो. बसा."

"ओळखलंत कसं?"

"एवढ्या थंडीत कपाळाले आठ्या घालून कोन उतरते? निरीक्षकच!"

मी हसले... यवतमाळच्या बी.एड. कॉलेजात शिकवायला लागल्यापासून माझी अशी चेष्टा कोणी केली नव्हती.

तांड्यावरच्या त्या शाळेत आमच्या कॉलेजच्या मुलींचे सराव पाठ होते. मी मागे, खिडकीपाशी बसायची आणि शेरे लिहायची. पहिल्याच दिवशी खुशीच्या पाठात एक गोष्ट खटकली. तिनं प्रश्न विचारला, की पोरं आधी मागे बघायची, मगच हात वर करायची. वाटलं, माझ्याकडे बघतात. पण नाही... त्यांची नजर माझ्या शेजारी थांबत होती. रिकाम्या जागेवर.

सुट्टीत एका चिमुरडीला विचारलं, "काय पाहत होतीस गं?"

"संगीता मॅडमले. त्यायनं मान हलवली का उत्तर बरोबर असते."

परतताना देवसिंगांना ते सांगितलं. गाडी हळू झाली. तुरीची शेतं मागे सरकत राहिली.

"माही बायको," ते म्हणाले. "ह्याच वर्गावर होती. कावीळ झाली... गेली. पोरायले मी काही म्हनत नाही. कायले म्हनू?"

तरी रोज सकाळी ते स्टँडवर हसतच यायचे. कधी खिशातून बोरं काढायचे, कधी नुसतं विचारायचे, "आज किती जनीले रडवता, मॅडम?" आणि रोज वर्गात माझ्या उजव्या दंडाला गारवा जाणवायचा — कोणी खेटून बसल्यासारखा. माझ्या मनातलं देवसिंगांच्या आधी संगीताला कळलं असावं. मला भीती वाटायची, पण त्याहून जास्त लाज.

शेवटच्या दिवशी मुलींना दाखवायला पाठ मी स्वतः घेतला. देवसिंग दारात उभे होते. मी फळ्यापाशी जाऊन वळले. खिडकीपाशी कोणीच दिसत नव्हतं. तरी तिकडे बघून मी हळूच म्हणाले, "संगीताताई... मी शिकवू?"

मग सगळी पोरं एकदम उभी राहिली, मॅडम वर्गाबाहेर निघाल्या की राहतात तशी. त्यांच्या माना खिडकीकडून दाराकडे सावकाश वळत गेल्या, सगळ्यांच्या एकाच चालीनं. देवसिंगांनी अंग चोरून वाट दिली. त्यांचे डोळे भरून आले होते.

पोरं खाली बसली. मी प्रश्न विचारला. हात सरळ वर आले. मागे कोणी बघितलंच नाही.

शाळा सुटल्यावर व्हरांड्यात आम्ही दोघंच उरलो.

"उद्यापासून तुमी येनार नाही," देवसिंग म्हणाले.

"पाठ संपले ना."

"मंग मी येऊ का यवतमाळले? मी असा... तांड्यातला, बायको गेलेला. चालीन तुमाले?" ते अडखळले. "तुमाले मागाले येतो म्हनतो मी."

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"या," शेवटी मी म्हणाले. "रविवारी. बाबा घरी असतात."