साफ चार हिसके

बसा सिस्टर, ती वेताची खुर्ची इकडे ओढून घ्या. ग्लेनिस रजेवर गेली आणि तिच्या जागी तुम्ही येणार, हे क्लिनिकने फोनवर कळवलं होतं. माझी नाडी बघायची आहे ना? खुशाल बघा, आता ती शहाण्या मुलासारखी चालते. फक्त डावा हात मागू नका, तो मोकळा नाही. या व्हरांड्यातल्या खाटेवर निजलीय ती डोरीन, माझी बायको. तिचा डोळा लागलाय आणि तिचं मनगट मी धरून बसलोय. म्हातारपणी प्रेम उतू चाललंय असं समजू नका. का धरलंय ते सांगतो. पुढच्या घरी जायची घाई असेल तर मात्र आत्ताच सांगा, कारण अर्धं ऐकून उठण्यासारखं हे प्रकरण नाही.

सुरुवात अगदी साध्या कामापासून झाली. मार्च महिना होता; पर्थच्या उत्तरेला आमच्या या किनाऱ्यावर पाऊस तेव्हाच संपत येतो. डोरीनच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला आम्ही क्लिनिकात गेलो. मी नुसता गाडी चालवायला. ग्लेनिस म्हणाली, आलाच आहेस तर तुझाही हात दे. तिने दोन बोटं ठेवली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, थांबली, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली. मग मला आडवं केलं, वायरी चिकटवल्या. डॉक्टर आले आणि म्हणाले, तुमच्या हृदयाचे वरचे कप्पे नीट आवळत नाहीत, नुसते थरथरतात. त्यामुळे ठोके वाटेल तसे पडतात, रक्त आत रेंगाळतं, त्याची गुठळी होऊन मेंदूत गेली तर अर्धं अंग जाऊ शकतं. हे सगळं ते इतक्या शांतपणे बोलले, की त्यांना स्वतःला हा आजार नाही हे लगेच कळत होतं.

गाडीत बसल्यावर डोरीन म्हणाली, "पन्नास वर्षं शोधतेय, या माणसाला काळीज आहे की नाही. ग्लेनिसला अर्ध्या मिनिटात सापडलं."

मी हसलो. त्यानंतर बरेच दिवस हसलो नाही.

त्या दिवसापर्यंत मला काही होत नव्हतं, हे खरं सांगतो. नाव कळलं आणि सगळं व्हायला लागलं. ओल्या पोत्यात जिवंत मासा टाकला की तो जसा मधूनच फडफडतो, मग गप्प होतो, मग पुन्हा, तसं छातीत चालायचं. कॉफी सोडली. बिअर सोडली. रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या, म्हणून दाढीचं पातंही सोडलं. व्हरांड्याच्या पाच पायऱ्या चढताना मोजायला लागलो. संडासातसुद्धा फोन घेऊन जायचो. घाबरलो की ठोके वाढायचे, आणि ठोके वाढले की आणखी घाबरायचो. जीव मुठीत धरून जगणं म्हणतात ते हेच, आणि ती मूठही थरथरत होती.

ग्लेनिसने मला स्वतःची नाडी मोजायला शिकवलं. मनगटावर दोन बोटं, न दाबता, पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणलंस तर फसशील, ती म्हणाली, कारण तुझे ठोके सारखे नाहीत. मोजायचं आणि वहीत लिहायचं.

बोटं ठेवली तेव्हाच ती पकड मला ओळखीची वाटली. पण कुठली, ते कळायला तीन आठवडे लागले.

दुपारचे चार वाजले असतील, आत्तासारखेच. भरती उतरायला लागलेली, वारा पडलेला, खारफुटीच्या चिखलाचा वास थेट इथपर्यंत येत होता. मी याच खुर्चीत बसून मोजत होतो. दोन ठोके पटापट आले. मग ठोका थांबला. एक. मग खूप वेळ थांबला. एक. पुन्हा दोन... एक... एक. पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले होते, या आजारात ठोक्यांना कसलीच चाल नसते. ग्लेनिसही तेच म्हणाली होती. मग तीच चाल पुन्हा पुन्हा का येत होती?

माझ्या बोटांना ते माझ्याआधी कळलं. मी हात झटकून उभा राहिलो आणि खुर्ची पडली.

आता तुम्हाला मागचं सांगायला हवं. एकविसाव्या वर्षी मी शिंपले काढणाऱ्या होडीवर दोर धरायचो. खाली पाणबुड्या, डोक्यावर तांब्याचा टोप, वरून हवेची नळी, आणि कमरेला एक दोर. त्या दोराचं दुसरं टोक माझ्या दोन बोटांत. होडी भरतीबरोबर वाहत जायची आणि तो तळावर चालत शिंपले गोळा करायचा. बोलायला दुसरं साधन नव्हतं. एक हिसका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे दोर सोड. तीन म्हणजे पिशवी वर घे. चार म्हणजे मला वर ओढ. आणि एक नियम होता, तो आमच्या सगळ्या होड्यांवर पाळायचे. दोर दुसऱ्याच्या हातात द्यायचा तर आधी त्याने दोन बोटं ठेवायची, "घेतला" म्हणायचं, आणि मगच पहिल्याने सोडायचा. मधे एक क्षणही दोर रिकामा राहायचा नाही. आणि एकदा "घेतला" म्हटलं की खालच्या माणसाचा जीव घेणाऱ्याच्या माथी.

माझा पाणबुड्या शिगेओ. जपानहून आलेला, चाळिशीचा, कमी बोलणारा. भात, वाळल्या कोळंबीची चटणी आणि सिगारेट, एवढ्यावर जगायचा. दोर कानाने नाही, बोटांनी ऐक, हे त्यानेच मला शिकवलं. एकदा लाटेचे हिसके मला चार वाटले आणि मी त्याला वर ओढला. खाली चांगले शिंपले लागलेले होते. त्याने टोप काढला, सगळ्यांसमोर दोराचा फास माझ्या गळ्यात अडकवला आणि बोकड फिरवतात तसा मला डेकवर फिरवला. म्हणाला, "साफ चार आल्याशिवाय ओढायचं नाही." आठवडाभर सगळे मला बघून बोकडासारखे ओरडत होते.

दुधाने पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. पुढच्या मंगळवारी लाट उंच होती. बारा पुरुष पाणी, म्हणजे बारा माणसं एकावर एक उभी राहतील इतकं खोल. दुपारी चारच्या सुमाराला बोटांना लागलं, दोन. मी दोर सोडला. मग थांबून, एक. ठीक आहे म्हणाला, असं मी धरलं. मग बऱ्याच वेळाने, एक. ठीक आहे. पुन्हा दोन, आणि मी आणखी दोर सोडला. पुन्हा एक, पुन्हा एक. नळी खडकाखाली अडकली होती, सिस्टर. तो चारच हिसके देत होता. मधे होडी लाटेवर चढत होती, म्हणून ते तुटून येत होते. वर घे म्हणणाऱ्या माणसाला मी दोर सोडत राहिलो... दहा मिनिटं.

कप्तानाने विचारलं, हिसका आला होता का? मी म्हणालो, नाही. पोलिसांना म्हणालो, नाही. इथल्या जपानी दफनभूमीत त्याचा दगड आहे. मी चोपन्न वर्षांत तिकडे फिरकलो नाही.

आणि आता तो माझ्या मनगटात होता.

मी एकदा विचारून पाहिलं. होडीवर विचारायचो तसंच, मनगट बोटांनी एकदाच हलकं ओढून: ठीक आहेस का? छातीत सगळं थांबलं. इतका वेळ थांबलं, की मला वाटलं आता मीच गेलो. मग आलं. दोन... एक... एक.

त्या संध्याकाळी मी डोरीनला सगळं सांगितलं, कप्तानाला दिलेल्या उत्तरासकट. पन्नास वर्षांच्या संसारात एवढी एकच गोष्ट तिला ठाऊक नव्हती. ती मासा साफ करत होती. सुरी बाजूला ठेवून तिने हात धुतले आणि कितीतरी वेळ पुसत राहिली.

"मग ओढ त्याला वर," ती म्हणाली.

"कसा?"

"ते मला काय विचारतोस? दोर तुझ्या हातात होता."

मला कसा ते माहीत नव्हतं. खरं सांगू? जाणून घ्यायचंही नव्हतं. मला फक्त ते थांबायला हवं होतं. डॉक्टर म्हणाले होते, काही आठवडे गोळ्या झाल्या की पर्थला जा, तिथे झोपवून छातीवर शॉक देतात, ठोके सरळ होतात. मी दिवस मोजत राहिलो. शॉक बसला की दोर तुटेल, हे मला कळत होतं. खाली कोण आहे तेही कळत होतं. तरी मी दिवस मोजत राहिलो.

पर्थच्या इस्पितळात मला चाकाच्या खाटेवर घालून दारापर्यंत नेलं. डोरीनला तिथेच थांबवलं. माझे दात वाजत होते. तिने ते पाहिलं, वाकली, माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली, मी शिकवली होती तशी, आणि कानात हळूच म्हणाली, "घेतला. सोड आता."

ती मला धीर द्यायला म्हणाली, सिस्टर. थट्टेत म्हणाली असेल. पण मी तिला थांबवलं नाही. उलट मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

आत छातीवर पट्ट्या लावल्या. सुई टोचायच्या आधी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काही होतंय का, काही वेगळं जाणवतंय का? आणि त्याच क्षणी आलं. एक, दोन, तीन, चार. एकसारखे. स्वच्छ. साफ चार, त्याने सांगितले होते तसे.

मी म्हणालो, "नाही."

जागा झालो तेव्हा छातीत इतकी शांतता होती की आधी वाटलं, मेलोच. ठोके सरळ झाले होते. विमानात मी कॉफी प्यायलो. डोरीन खिडकीशी डोळे मिटून बसलेली. मी तिचा हात हातात घेतला, आणि सवयीने माझी बोटं मनगटावर गेली.

दोन... एक... एक.

मी म्हणालो, "डोरीन, परत दे. घेतला. मी घेतला म्हणतोय ना, सोड." तिने डोळे न उघडता मान हलवली. "तुझ्या हातात दोर टिकत नाही, अँब्रोस," ती म्हणाली. रागाने नाही. माझ्या हातून कपबशी काढून घेते ना, तशी.

डॉक्टर म्हणतात, तिलाही तोच आजार आहे, या वयात नवरा-बायको दोघांना असतो कधी कधी. तिच्याही गोळ्या सुरू झाल्या. पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. पण ग्लेनिसलाही जे सांगितलं नाही ते तुम्हाला सांगतो. परत आल्यापासून रोज चार वाजता, भरती उतरायला लागली की तिचा डोळा लागतो आणि तिचे हात चालायला लागतात. हा मी धरलेला हात जागीच मुठी वळतो, तो दुसरा चादरीवरून ओढत येतो. एक हात, दुसरा हात, एक हात, दुसरा हात. तिने आयुष्यात कधी होडीवर पाय ठेवला नाही, पण दोर असाच ओढतात. एका माणसाच्या उंचीइतका ओढून झाला की थांबते. रोज तेवढाच. उठली की तळवे लाल, आणि चादर ओली. मी जिभेला लावून पाहिलं. खारट आहे.

मी रोज विनवतो तिला, दमशील, तुझं काळीज फुटेल, सोड. ती म्हणते, आता सोडला तर तू आणि मी एकाच माळेचे मणी. तिचं खरं आहे, आणि तिला काही झालं तर मी जगणार नाही, हेही खरं आहे. म्हणून मी मनगट धरून बसतो. दुसरं काय करू?

बारा पुरुष पाणी होतं. पर्थहून आल्याचा आज बारावा दिवस.

तुमची बोटं ठेवा इथे, माझ्या बोटांशेजारी. दाबू नका. बोलूही नका, नुसतं मोजा... लागलं? चार ना? साफ चार. गेले दोन दिवस असेच येताहेत. कप्तानाने विचारलं होतं, डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं. आज कुणी विचारलं तर मी हो म्हणेन. हो, आला. बघा, तिचे हात थांबले. संपला दोर.

नाही, मागे वळून बघू नका अजून. माझ्याकडे बघा आणि आधी एवढंच सांगा. मघाशी तुम्ही चढून आलात, तेव्हा त्या पायऱ्या कोरड्या होत्या ना?