सोळाव्या पायरीची हाक

"पाणी सुटलं गंऽ, वर द्याऽ!"

टेकडीच्या पायथ्याच्या नळावरून येसूमावशीनं हाक टाकायची, प्रत्येक दारानं ती झेलून पुढच्या दाराकडे चढवायची, आणि हाक शेंड्याला पोचली की घागरी खाली उतरायच्या. डॉ. वेणू राजाध्यक्षांनी ती पस्तीस वर्षांपूर्वी ऐकली होती. आज त्या धोंडमाळ वस्तीच्या त्याच पायऱ्यांवर उभ्या होत्या. पण आपण इथल्याच, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

खाण बंद पडल्यावर बेलदारांची ही वस्ती उपाशी पडली होती. तिला उभं केलं वेणूंनी शोधलेल्या नादरंगानं. कुणी बोललं की तो लावलेल्या भिंतीवर रंग उमलायचे; हसण्याला हळदीचे, भांडणाला जांभळे. ते बघायला लांबून माणसं येऊ लागली, घराघरांतून चहा-भाकरी विकली जाऊ लागली. मग पर्यटन मंडळानं वीस कुटुंबं खालच्या इमारतीत हलवली आणि त्यांच्या घरांत पाहुण्यांसाठी खोल्या केल्या. त्या वीस घरांच्या भिंती राखाडी पडल्या.

"रंग बिघडला," मंडळाचे वास्तुतज्ज्ञ सरनाईक म्हणाले.

"नाही," वेणू म्हणाल्या. "लावल्यावर तो चाळीस दिवस वाळत असतो. तेवढ्या दिवसांत जे आवाज त्याच्यावर पडतात, त्यांच्या कंपनांप्रमाणे आतले स्फटिक रांगा धरतात. पुढे त्याच आवाजांनी ते वळतात आणि रंग दिसतो. परक्या आवाजाला ढिम्म."

"म्हणजे भिंत माणूस ओळखते?"

"सवय म्हणा."

"मग त्या लोकांचं ध्वनिमुद्रण लावू."

"कर्ण्यातून आलेल्या आवाजात ती बारीक थरथर उरत नाही. जिवंत गळाच लागतो."

सरनाईक म्हणाले, "मग सोपं आहे. सगळं खरवडून रंगाचा नवा हात देऊ. शहरातून दहा गायक आणू, चाळीस दिवस गाऊन घेऊ. उरलेली साठ घरंही खाली जातील. तुम्ही फक्त रंग द्या."

तर्कात चूक नव्हती. रंग एकट्या वेणूंनाच बनवता येत होता. साठ घरं त्यांच्या होकारावर अडली होती.

ओट्यावर शेंगा सोलत बसलेल्या येसूमावशींनी मान वर केली. "वरातीला भाड्याचं वाजंत्री आणत्यात, ठावं हाय. भाड्याचं शेजारी आजच ऐकलं."

"मावशी, खाली तुम्हाला लिफ्ट मिळेल," सरनाईक म्हणाले.

"लिफ्टीत कुणाला हाक मारू?"

एवढं बोलून त्यांनी टेकडीकडे तोंड केलं आणि हाक टाकली. म्हातारा गळा, पण शेजारणीनं झेलली, तिच्या वरचीनं झेलली. हळद, नीळ, शेंदूर दारादारानं चढत गेले. सोळाव्या पायरीशी सगळं थांबलं. तिथलं घर रिकामं होतं. वेणूंनी सकाळीच चाचणीसाठी त्याला नवा हात दिला होता; रंग अजून ओला होता.

"तिथंच तुटती," मावशी म्हणाल्या. "माझ्या वक्ताला बी एकदा तिथंच तुटली. ऐन उन्हाळ्यात वरल्यांचं पाणी गेलं. येसूनं हाक दिलीच न्हाई, असं वरल्या समद्यांनी ठरवलं अन् हाकेचं काम काढून मला नळावरनं उठवलं." मग वेणूंकडे वळून त्यांनी विचारलं, "तुमी गप का, बाई? पयला रंग लावला तवा बी चाळीस दिवस तोंड उघडलं न्हाई."

"बाहेरच्यांनी बोलायचं नाही, असा नियम होता," वेणू म्हणाल्या.

त्यांच्या आवाजानं मावशींच्या ओट्यामागची भिंत रंगली नाही, जशीच्या तशी राहिली. सरनाईक हसले. "डॉक्टर, तुमचा रंग तुम्हालाच ओळखत नाही."

नियम वेणूंनीच केला होता. गळ्यावरून कुणी ओळखू नये, म्हणून त्या स्वतः त्याच्या आड लपल्या होत्या. भिंतींनी तेवढंच घेतलं होतं, जेवढं त्यांना मिळालं.

त्या पायऱ्या चढू लागल्या. मोजायची गरज पडली नाही. मागून सरनाईक आले, गुडघ्यावर हात ठेवत मावशी आल्या.

"खरवडायचं नाही," ओल्या भिंतीपाशी थांबून वेणू म्हणाल्या. "रंग मी देणार नाही."

"कारण कळेल?"

वेणूंनी उत्तर मावशींना दिलं. भिंतीच्या इतक्या जवळून, की श्वास रंगावर पडावा.

"मावशे, मी वेणू न्हवं, तुझी येणू. ह्याच घरातली, दगडू बेलदाराची. त्या दिशी तुझी हाक मला आली हुती. परीक्षेचं पुस्तक हातात हुतं. म्या ती वर दिली न्हाई."